मतदानादिवशीचं पाणी

"नळ बारीकच सोड," मलप्पानं बायकोला बजावलं. "पाच वाजेपर्यंत रांग पुरली पाहिजे."

"अवो, उन्हाळाभर दिलं न्हाई, आजच का, म्हणून इचारल्या तर?" उमाबाई म्हणाली.

"म्हण, मालकाला दया आली."

"मामंजी असते तर पहिल्याच दिवशी दिलं असतं."

"अप्पाच्या वक्ताला दुष्काळ न्हवता. जा आता."

देवणीपुढच्या माळावरची ही छोटी वायनरी बसलिंगप्पांनी, म्हणजे मलप्पाच्या वडिलांनी उभी केली. घर लिंगायताचं. त्यांनी स्वतः कधी थेंब ओठाला लावला नाही, वासावर आणि रंगावर धंदा केला. द्राक्षाचा चोथा खत होऊन वेलींनाच जायचा, टाक्या धुतलेलं पाणीही वेलींनाच. गावाच्या पाण्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा तिसरा नेम. येणाऱ्या पाहुण्यांना हे सगळं उमाबाई सांगायची. मलप्पानं आठशे फुटांचा बोअर पाडला आणि गावची विहीर आटली, तेव्हापासून तिसरा नेम ती गाळत होती.

पाहुणे कमी झाले तशी मलप्पानं गावासाठी स्वस्तातली बाटली काढली, वायनरीच्या दारातच काउंटर थाटलं. गावातल्या चतुराबाईचा नवरा तिथूनच पिऊन उठला आणि नाल्यात पडून मेला. काउंटर बंद करा, म्हणून बायकांनी अर्ज केला. आज शाळेत फक्त बायकांचं मतदान होतं. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे काउंटर चालू, आडव्या बाटलीवर म्हणजे बंद. काउंटर गेलं की वायनरीही गेली. उदगीर जिल्हा होईल, साहेबलोक येतील, मग पुन्हा अप्पासारखी वाइन करू, असं मलप्पा म्हणायचा. तोवरचा सगळा संसार त्या काउंटरवर होता.

कायदा त्यानं वकिलाकडून नीट समजून घेतला होता. गावात बाया मतदार चारशे बारा. बंदीला त्यांतल्या निम्म्याहून जास्त मतं लागत. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. म्हणजे दोनशे सात. घरी राहिलेली बाई आपोआप त्याच्या बाजूची. आणि लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात, पाण्याची रांग सोडून मताला जाणार कोण?

शाळेकडं फिरकू नका, अशी वकिलाची ताकीद होती. मलप्पा गच्चीवर खुर्ची टाकून बसला. खाली बोअरपासून पार नाल्यापर्यंत घागरी लागल्या होत्या. पितळी, स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या. पलीकडं लिंबाच्या सावलीत पदर हलत होते.

दुपारी त्याचा गडी रेवणसिद्ध वर आला. "मालक, दोनशे चाळीस घागरी! मीच मोजल्या."

"भांडणं?"

"एक न्हाई. वैनी सोता उभ्या हायत. लई शिस्तीत चाललंय."

"चालू दे. घाई करू नका म्हणावं."

मलप्पानं मनात वजाबाकी केली. चारशे बारातून दोनशे चाळीस. उरलेल्या सगळ्या जरी गेल्या, तरी आकडा गाठत नव्हत्या. त्यानं जेवण वरच मागवलं आणि पोटभर जेवला.

पाचला मतदान संपलं. सातच्या सुमाराला रेवणसिद्ध शाळेकडून परतला, तो जिन्याखालीच उभा राहिला.

"आडवी दोनशे एकतीस, मालक."

"उभी?"

"चार."

"एवढ्या बाया आल्या कुठून?"

मलप्पा जिना उतरून तसाच बोअरवर गेला. रांग निम्मी सरली होती. उमाबाई वाकून नळाखाली घागर धरून होती, तिनं वर पाहिलं नाही. चतुराबाईनं भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि मलप्पाला बघून थांबली.

"मालक, तुमचे लई उपकार झाले. रोज टँकरच्या पाठीमागं दिवस जातो, मताला कोण गेलं असतं? वैनी सकाळीच म्हणल्या, घागरी लावा आन् जावा समद्या, नंबर मी राखते."