लाल बुडाचं रोप

"हा लव्हाळा. हा माका. आनि हा तुझा पाय. उचल जरा, भात चेंगरला."

मेहुलने पाय उचलला आणि गळ्यातलं प्लास्टिकचं कार्ड पाहिलं. त्यावर तणांचे फोटो होते, दोन पानांपासून फुलोऱ्यापर्यंत. जिवलीने सांगितलेली दोन्ही नावं बरोबर निघाली. कंपनीच्या बोईसरच्या ऑफिसात हे कार्ड पाठ करायला त्याला पंधरा दिवस लागले होते, आणि ही म्हातारी न वाकता ओळखत होती. त्याला थोडा रागच आला.

मनोरच्या पुढच्या त्या पाड्यावर बियाणं-कंपनीचा हा पहिलाच प्लॉट. इथला भात बियाणं म्हणून विकायचा, त्यामुळे त्यात दुसरं काही मिसळलेलं चालणार नव्हतं. प्लॉट पास झाला की पुढच्या वर्षी पाड्यातली सगळी खाचरं कंपनी घेणार आणि मेहुलची नोकरी पक्की होणार.

"आनि आमचा घरचा, खायाचा राता भात कुठं लावायचा?" जिवलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कशाला लावायचा? तांदूळ बाजारात मिळतो की."

तिच्या मुलाने, प्रदीपने, कंपनीच्या कागदावर सही करून टाकली होती. बोलून उपयोग नव्हता. रोपांसाठी राबात बी मात्र आपणच टाकणार आणि निंदणी आपल्या नजरेखालीच होणार, हे तिने ठणकावून सांगितलं. मेहुलने बोईसरहून मजूर आणले, तर तिने त्यांना बांधावरूनच परत धाडलं.

"माझ्या खाचरात मला इचारल्याशिवाय येक काडी उपटायची नाय!"

म्हणून साहेब स्वतःच चिखलात उतरले होते.

महिन्याभराने रोपांना फुटवे आले. आता भात आणि तण सगळं हिरवंगार, एकसारखं दिसायला लागलं. कार्डाने हात टेकले.

"बुडाशी बघ," जिवली म्हणाली. "लाल बूड ते ठेव. पांढरं ते उपट."

"नक्की?"

"तुझ्या कार्डाला इचार."

कार्डाला विचारून काय होणार! मेहुलने चार दिवस कंबर मोडेपर्यंत पांढऱ्या बुडाची रोपं उपटली. जिवली बांधावर बसून एकेक दाखवत होती, आणि चुकून लाल बुडाला हात गेला की त्याच्यावर खेकसत होती.

भात निसवला, दाणा भरला, तेव्हा पालघरहून बियाणं तपासणाऱ्या हिना मॅडम आल्या. त्यांनी लाल बुडाच्या रोपाची एक लोंबी हातात धरली. तिला लांब काळी कुसळं होती, आणि हात लागताच दाणे खाली गळाले.

"देवभात," त्या म्हणाल्या. "जंगली. जवळजवळ सगळ्या खाचरात तोच आहे."

प्लॉट नापास झाला. गळलेलं बी आता दरवर्षी उगवत राहणार, म्हणून मॅडमनी पाड्याचं नावच बियाणं-प्लॉटांच्या यादीतून खोडलं आणि त्या गाडीत बसून निघून गेल्या.

मेहुल बांधावर मटकन बसला. त्याला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप.

"आजी, सगळी तणं ओळखते म्हणून केवढा तोरा मिरवलात! आणि एवढा देवभात तुम्हाला ओळखता आला नाही?"

जिवलीने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मीच पेरलेला," ती म्हणाली, "मला कसा नाय वळखणार?"