डोंगराची हवा

दसऱ्यानंतर स्वराजनं बायको मोनिकाला आणि आई कुशाबाईला चाकणहून भीमाशंकरकडे फिरायला नेलं. डोंगर चढताना दोघं सारखे फोटोच काढत होते. ह्यांना डोंगर दिसतोय कुठं, म्हणून कुशाबाईनं नाक मुरडलं.

उतरल्यावर एका बाईच्या झोपडीवजा हॉटेलात मोनिका भाकरीवर तुटून पडली.

“आई, काय चव आहे ना चुलीवरची!”

“व्हय. घरी मी थापली की तुझा ओटा घाण होतो.”

स्वराज मान खाली घालून रस्सा ओरपत राहिला. कुशाबाई उठून चुलीपाशी गेली.

“बाई, भाकऱ्या थापायला माणूस पायजे का?”

बाईनं हसून जागा दिली. गाडीचा हॉर्न वाजला तरी कुशाबाई उठली नाही. स्वराज धावत आला.

“आई, लोकांना काय सांगू?”

“सांग, आईला डोंगराची हवा मानवली.”