तारांचा पीळ

"स्वागत आहे. कृपया तिकीट घ्या," यंत्र गोड आवाजात म्हणालं आणि त्याने फटीतून तिकीट बाहेर काढलं. समोर गाडी नव्हती. साधी सायकलसुद्धा नव्हती.

फिटरने हातातला पाना खाली ठेवला. हॉस्पिटलच्या पार्किंगच्या तोंडाशी तो सकाळपासून हे यंत्र बसवत होता. डांबरात चर कापून तारेचं वेटोळं पुरून झालं होतं. गाडी त्यावर आली की तिच्या लोखंडाची चाहूल तारेला लागते, यंत्र तिकीट देतं, तिकीट ओढलं की आडवा दांडा वर जातो. अशी यंत्रं बसवण्यात त्याची हयात गेली होती, पण एकही यंत्र रिकाम्या रस्त्याशी बोललं नव्हतं.

त्याने तिकीट ओढलं. दांडा उठला, कुणाला तरी आत येऊ देण्यापुरता थांबला आणि खाली आला.

"भूत शिरलं वाटतं," भिंतीलगतच्या बाकावरून चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस म्हणाला. त्याची बायको वर बाळंतपणाला होती. सकाळपासून तो तिथेच बसून होता.

"भूत कसलं! माझंच काहीतरी चुकलंय," फिटर म्हणाला.

चुकणारच होतं. त्याची मुलगीही वरच होती. पहाटेपासून कळा देत होती, बाळ अडलं होतं, आणि डॉक्टर "बघू" यापलीकडे काही बोलत नव्हते. बायकोने त्याला जिन्यावरून खाली पिटाळलं होतं. "येरझाऱ्या घालून फरशी झिजवू नका. खाली काम आहे ना तुमचं? ते करा." तो उतरला होता, पण जीव वरच टांगलेला होता.

इतक्यात पोर्चमधल्या लिफ्टचं दार उघडलं आणि आया पांढरं गाठोडं घेऊन बाहेर आली. "मुलगी झाली हो! कोण आहे हिचं?" एक म्हातारी लगबगीने पुढे धावली.

थोड्या वेळाने यंत्र पुन्हा रिकाम्या रस्त्याला "स्वागत आहे" म्हणालं. पुन्हा लिफ्ट उघडली. पुन्हा गाठोडं, या खेपेला मुलगा.

फिटरने यंत्राचं झाकण काढलं आणि तारेचा माग घेत गेला. ज्या नळीतून त्याने तार नेली होती, त्याच नळीतून लिफ्टची जाड केबल जात होती. आणि वेटोळ्यातून यंत्राकडे येणाऱ्या त्याच्या दोन तारा तिच्या शेजारून अगदी सरळ गेल्या होत्या. त्याने कपाळावर हात मारला. त्या तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा असतो, नाहीतर शेजारची कुजबुज त्यांना ऐकू जाते. हे काम त्याचे हात डोळे मिटूनही करत. आज नेमका पीळ राहिला होता.

त्याने बाकावरच्या माणसाला समजावलं. लिफ्ट खाली यायला निघाली आणि मोटरने जोर घेतला की या तारेला गाडी आल्यासारखं वाटतं.

"पण ही लिफ्ट तर फक्त बाळंतिणींची," तो माणूस सावकाश म्हणाला. "स्ट्रेचर वर जातं, बाळ खाली येतं. म्हणजे बाळ निघालं की आपल्याआधी याला कळतं?"

"बाळाचं कसलं कळतंय. मोटरचं कळतं."

असं तो म्हणाला खरा, पण त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. बिघाडाचं कारण सापडलं तरी नवल तसूभर कमी झालं नव्हतं. त्याने पक्कड उचलली. पीळ द्यायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी ट्रस्टी यंत्र बघायला येणार होते. पक्कड हातातच राहिली. मग ती पेटीवर ठेवून तो बाकावर जाऊन बसला.

लिफ्ट वरच थांबली होती. यंत्र गप्प होतं. फिटरला वाटलं, आपण आयुष्यात कधी कशाची एवढी वाट पाहिली नाही.

"स्वागत आहे."

दोघंही ताडकन उठले. कुणाचं? लिफ्टचा दिवा लागला, दार उघडलं, आणि आयाच्या मागून फिटरची बायको बाहेर आली. पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"अहो, आजोबा झालात!"

"ती कशी आहे?"

"सुखरूप आहे. पाणी प्यायली आणि पहिलं काय विचारलं असेल? म्हणे, बाबांचं यंत्र लागलं का?"

फिटर रडला. त्याला लाजही वाटली नाही. गाठोड्यात एक लालबुंद, सुरकुतलेला चेहरा जगावर रागावून बसला होता. फिटरने यंत्राजवळ जाऊन तिकीट ओढलं आणि खिशात जपून ठेवलं. दांडा उठला. जन्मभर असे दांडे वर जाताना त्याने पाहिले होते, आज मात्र मान वर करून शेवटपर्यंत पाहत राहिला.

बायको आणि आया बाळाला घेऊन परत गेल्यावर त्याने डोळे पुसले आणि पक्कड घेऊन तारांपाशी बसला.

"काका," मागून आवाज आला. चौकड्यांच्या शर्टातला माणूस अजून उभाच होता. "तो पीळ जरा नंतर दिलात तर? माझी अजून वरच आहे."

फिटरने त्याच्याकडे पाहिलं. मग झाकण तसंच लावलं, पक्कड पेटीत टाकली आणि त्याच्या शेजारी येऊन बसला.

तेवढ्यात हॉस्पिटलचा मॅनेजर घड्याळ बघत आला. "काय हो, बसलात काय असे? झालं नाही का अजून?"

"आणखी एक जण यायचाय, साहेब," फिटर म्हणाला. "तो आला की करतो."

मॅनेजरने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता लांबवर रिकामा होता.