बँड थांबायच्या दोन जागा

दुसरा प्रश्न अर्धा झाला आणि खिडकीतून बँडचा आवाज आत आला. परीक्षेच्या हॉलमधल्या इतर पोरांसाठी ती कुणाची तरी वरात होती. संघपालला मात्र ट्रम्पेटची पहिली फुंकच पुरली. बँड त्याच्याच गावचा, भातकुलीचा होता, आणि फुंकणारा त्याचा बाप, शेषराव मास्तर.

सकाळीच दोघांची जुंपली होती. तीन वर्षं संघपाल अमरावतीत बी.एस्सी. करत होता आणि लग्नसराईत बापाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होता. प्रॅक्टिकलच्या वहीत लग्नपत्रिका, बँडच्या टोपीत सूत्रांची चिठ्ठी, असा सगळा कारभार. आज शेवटच्या सेमिस्टरचा पेपर आणि राजापेठेतलं लग्न एकाच वेळेला आलं.

"लग्नाच्या तिथी काय इद्यापीठाले इचारून निघते?" शेषराव कडाडले होते. "माह्याच्यानं आता लांब फुंक निघत नाई. क्लॅरनेट कोन वाजवन?"

"बाबा, हा पेपर गेला तं वर्ष गेलं."

"जाय मंग. तुह्या कालेजावरूनच जाते वरात, आयकजो बसल्या बसल्या. पन बँडात पुन्हा पाय नोको ठेवू!"

आता तो ऐकतच होता. क्लॅरनेटच्या जागाही बाप ट्रम्पेटवर ओढत होता. माणूस दमेकरी, वर एप्रिलचं ऊन. पोराला एकही ओळ धड सुचेना.

त्यातून कॉलेजचं फाटक म्हणजे बँडवाल्यांची हक्काची जागा. तिथं पोरं जमतात, नाचतात, वरातवाले खूश होतात. शेषराव तिथं नेहमीच जास्त जोर लावायचे. बँड फाटकाशी आला. आणि गाण्याची ओळ अर्धी असताना एकदम बंद पडला.

संघपालचा पेन थांबला. शेषरावांच्या बँडचा नियम होता, वाजवता वाजवता थांबायचं ते दोनच ठिकाणी. दवाखान्यापुढं आणि मयतीच्या घरापुढं. या रस्त्यावर दोन्ही नव्हतं. म्हणजे बाबाच पडले.

तो उठला. "मॅडम, मले जाऊ द्या. माहे बाबा..."

"बाहेर गेलास तर परत आत घेता येणार नाही," पर्यवेक्षक साधना मॅडम म्हणाल्या.

"नोका घेऊ." उत्तरपत्रिका त्यांच्या हातात कोंबून तो दाराकडे धावला. दाराजवळ खिडकी होती. तिथं त्याचे पाय थबकले.

खाली वरातीचा नाच थांबला होता. नवरदेवाचा मामा हातवारे करत भांडत होता. ट्रम्पेट काखेत आणि बोट ओठांवर ठेवून शेषराव पुढं चालले होते. मागं सगळा बँड वाद्यं उराशी धरून, जपून पावलं टाकत फाटकापुढून सरकत होता.

संघपालचे डोळे भरून आले. साधना मॅडमनी उत्तरपत्रिका परत त्याच्यापुढं धरली. तो बाकावर येऊन बसला.

वळणापलीकडं ढोल पुन्हा सुरू झाला, तोवर तो पुढच्या प्रश्नावर पोचला होता. बाबांच्या बँडला थांबायला आजपासून तिसरी जागा झाली होती.