बंबावरचं घमेलं

कुरुंद्यात पावसाची झड लागली होती आणि रागिणीनं पेटवलेला बंब पुन्हा विझला.

"माहेरी बंब पेटवायला शिकवलं न्हाई व्हय?" सासूबाई पंचफुलाबाईंनी टोमणा मारला.

"आत्या, पत्र्यावरच्या धुराड्यातून पाणी सरळ विस्तवावर पडून राहिलंय."

सासऱ्यांनी, नामाजींनी, रेनकोट घालून वर चढून धुराड्यावर घमेलं उपडं घातलं. पाणी थांबलं, पण धूर कोंडला. सगळे खोकत न्हाणीतून बाहेर आले.

"मोडीत घाला तो बंब!" नामाजी वैतागले.

पदर खोचून रागिणी शिडी चढली.

"अगं, सुनेनं पत्र्यावर चढावं काय!" खालून सासूबाई ओरडल्या.

तिनं धुराड्याभोवती तीन सळया तारेनं आवळल्या आणि त्यांच्यावर घमेलं बांधलं, धुराड्याच्या तोंडापासून वीतभर उंच. आता पाऊस घमेल्यावर ताशा वाजवत होता आणि धूर खालच्या फटीतून ऐटीत निघत होता.

थोड्याच वेळात बंबाच्या तोटीला हात लावता येईना. घरातली पहिली बादली नामाजींची. ते टॉवेल खांद्यावर टाकून आले, तर पंचफुलाबाई दार अडवून उभ्या.

"तुमी काहून घाई करून राहिले? भिजली ती हाय, तुमी न्हाई."