अडुसष्ट दिवस

"तुम्ही रजेवर आहात," खिडकीमागचा हजेरी-कारकून म्हणाला.

"होतो. आता कामावर घ्या." बाइंडर घरूनच निळा डगला चढवून आला होता. हातात डबा होता.

कारकुनाने फाइल उघडली. छापखान्यातल्या चोवीस जणांनी आपापल्या रजेतले दिवस बाइंडरला दिले होते. कुणी दोन, कुणी पाच. शिलाईवरच्या आक्कांनी तर सुनेच्या बाळंतपणासाठी राखून ठेवलेले दहाच्या दहा. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने धरून चला. म्हणून सगळ्यांनी मिळून नव्वद भरले. कारण : मुलीची शुश्रूषा. पोरगी एकोणिसाव्या दिवशीच गेली. आज तेविसावा.

"उरलेले ज्याचे त्याला देऊन टाका," बाइंडर म्हणाला.

"दिलेली रजा परत जात नाही. नियम आहे. आणि ती संपेपर्यंत मला तुमची हजेरी लावता येत नाही. आजचा धरून अडुसष्ट दिवस आहेत. तुमच्या मशीनवर बदली माणूसही घेतलाय." कारकून काही वाईट माणूस नव्हता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "दादा, घरी जा. जरा आराम करा."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"घरी काय करू?" बाइंडरने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. कारकून फाइलचीच पानं पुढे-मागे करत राहिला.

तेवढ्यात आक्का बाहेर आल्या. बोटांना खळ तशीच होती. त्यांना बघून इतका वेळ धरून ठेवलेला बाइंडरचा चेहरा रडवेला झाला.

"आक्का, तुमचे दिवस वाया गेले हो."

"गप रे," आक्का म्हणाल्या. खळीच्या हातानेच त्यांनी त्याच्या डगल्याचं सुटलेलं बटण लावून दिलं.

तो घरी पोचला तेव्हा बायकोने दार उघडलं आणि आधी डबा हातात घेतला. जड लागला.

"घेतलं नाही?"

"रजा शिल्लक आहे."

आतल्या खोलीत पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. दोन्ही खुर्च्या मात्र अजून पलंगाकडेच तोंड करून होत्या. दोघं आपापल्या खुर्चीवर जाऊन बसली.