गोदामातल्या काकांचं खातं

सकाळपासून कंपनीच्या सर्व्हरवरून एकही मेल जात नव्हता. गेटपास मेलनेच जायचे, त्यामुळे भरलेले अकरा ट्रक फाटकात खोळंबले होते. साहेब दर पाच मिनिटांनी डोकावून विचारत, "झालं का रे?" सर्व्हर सांभाळणारा इंजिनियर मेटाकुटीला आला. त्याने वायरी तपासल्या, सर्व्हर तीनदा बंद-चालू केला. पडद्यावर पालुपद एकच, 'लॉगिन नामंजूर'. शेवटी सेटिंगची फाइल उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. सगळे मेल बारा वर्षं गोदामातल्या काकांच्या मेलखात्यातून जात होते. काका काल निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते, "कुणावाचून कुणाचं अडत नसतं." टाळ्या वाजवून इंजिनियरनेच ते खातं बंद केलं होतं. साहेब पुन्हा डोकावले. इंजिनियरने कोरा फॉर्म पुढे सरकवला. "काकांचं खातं परत उघडायला तुमची सही लागेल. कारण काय लिहू?"